आजारानं मिळवून दिलेलं पदक

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. मी बरा आहे. आत्ता हे लिहितोय तेव्हा बाजूला सुरमईच्या कालवणाचं ताट आहे आणि आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "लिवतंस काय जेवतंस?" माझ्या थुंकीचा शेवटचा रिपोर्ट इतका स्वच्छ आला, की तो फ्रेम करून भिंतीवर लावायला मी निघालो होतो. वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो फ्रेमवाल्याच्या काउंटरवरून परत आणला.

लिहायचं कारण एवढंच, की माझ्यासारखी चूक करायला अजून पुष्कळ मंडळी तयार बसली आहेत. रोज संध्याकाळी जिमच्या आरशासमोर ती मला दिसतात.

टेम्पो ओढणारा

माझं नाव प्रशांत. वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि आम्ही मुंबईतच, चारकोपच्या सेक्टरमधल्या खोलीत राहायला आलो. विसाव्या वर्षी मी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या एका गाळ्यात लागलो. तिथे जड माल उचलायची चेनपुली बंद पडली की मला हाक मारायचे. मी जड वस्तू उचलतो आणि मला त्यात मजा येते, हे माझ्याआधी इतरांच्या लक्षात आलं. याच्या स्पर्धा असतात, असं गाळ्यातल्याच सचिननं सांगितलं. तो तेव्हापासून माझा मित्र.

दहा वर्षं मी स्ट्राँगमनच्या स्पर्धा केल्या. ट्रकचा टायर उलटायचा, छातीएवढा दगडी गोळा उचलून ओट्यावर ठेवायचा, कमरेला पट्टा बांधून टेम्पो ओढायचा. वजन होतं एकशे अठरा किलो. पोटही सुटलेलं होतं, पण त्या खेळात पोटाला कोणी नावं ठेवत नाही. आई तर भलती खूश. मासळीवालीला, गिरणवाल्याला, ज्याला त्याला सांगत सुटायची, "माझो झील टेम्पो ओढता."

तेहतिसाव्या वर्षी कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, ओढणं बंद. मी महिनाभर तोंड पाडून बसलो. मग सचिन घरी आला, माझ्याकडे गाडी विकत घेणाऱ्यासारखं चारी बाजूंनी बघून घेतलं आणि म्हणाला, "एवढं मटेरियल आहे यार तुझ्याकडे. वरची चरबी काढ फक्त. आत बॉडी झोपलीये." त्याला जिममध्ये ट्रेनरची नोकरी लागली होती. त्यानं मलाही तिथे चिकटवलं, आणि मी बॉडीबिल्डर व्हायला लागलो.

सगळं उलटं झालं. आधी वजनकाट्यावर उभा राहिलो की आकडा वर जावा असं वाटायचं, आता खाली यावा असं वाटायला लागलं. आधी काय उचललं ते बघायचे, आता काहीच उचलायचं नाही, नुसतं दिसायचं. आईला दोन गोष्टींचा राग. एक, मुलगा चारचौघांत चड्डीवर उभा राहतो. दुसरी जास्त मोठी. नारळ बंद म्हणून मी तिच्या कालवणातला बांगडा नळाखाली धुऊन खायचो. ती शेजारणीला सांगताना रडली होती.

काय कट्स आलेत

सहा वर्षं झाली, चौथ्या नंबरच्या वर कधी गेलो नाही. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची तयारी चालू होती तेव्हा वजन भराभर उतरायला लागलं. मी हवेत.

प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे जिमचं उत्तर तयार होतं. थकवा येतो, कारण डाएट कडक आहे. संध्याकाळी अंग गरम लागतं, म्हणजे चरबी जळतेय. झोपेत घामानं चादर भिजते, म्हणजे अंगातलं पाणी निघतंय, छान. खोकला येतो, तो जिमच्या एसीमुळे. भूक मेली, हा तर देवाचा आशीर्वाद. जिममधली मंडळी मला थांबवून विचारायची, "भाऊ, डाएट सांगा ना." मी सांगायचो. दोघांनी ते महिनाभर केलंही. त्यांना काहीच फरक पडला नाही, तेव्हा मी त्यांना म्हणालो की तुमच्यात शिस्त नाही.

वैशाली शाळेत शिकवते. खोटं बोलणारा मुलगा तिला आवाजावरून ओळखू येतो, पण नवऱ्याच्या बाबतीत तिनं ते लावलं नाही. तीनदा म्हणाली, "प्रशांत, खोकला दाखवून ये." तिसऱ्यांदा मी सांगितलं, दाखवून आलो, ॲलर्जी आहे म्हणाले. मी कुठेही गेलो नव्हतो. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते, आणि डॉक्टर आराम करा म्हणाले असते. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महाग खोटं.

स्पर्धेच्या दिवशी मी ऐंशी किलोच्या गटाच्या तयारीनं गेलो. काट्यावर उभा राहिलो तर चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. पंच म्हणाले, तुम्ही पंच्याहत्तरच्या गटात बसता. मला लॉटरी लागल्यासारखं झालं.

स्टेजवर जायच्या आधी अंगाला गडद रंग लावतात, म्हणजे दिव्यांत स्नायूंच्या रेषा, आमच्या भाषेत कट्स, उठून दिसतात. छाती, हात, पाय आपले आपण रंगवता येतात. पाठीला दुसरा माणूस लागतो. माझी पाठ नेहमी सचिन रंगवायचा. त्या दिवशी स्पंज फिरवता फिरवता तो थांबला.

"पाठ जरा उतरलीये रे."

"आणि कट्स?"

"कट्स झकास. आग लावणार तू आज."

पहिला नंबर आला. आयुष्यातलं पहिलं सुवर्णपदक. फोटोत मी दात काढून हसतोय, गालफडं आत गेलेली, आणि मला वाटत होतं की मी इतका चांगला कधी दिसलो नव्हतो.

डॉक्टरबाई फोटो बघतात

अकरा दिवसांनी सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं. मी घाईघाईनं नळ सोडला. मागे वैशाली उभी होती. तिनं पर्स घेतली, चप्पल घातली आणि दारात उभी राहिली.

एक्स-रे काढून आम्ही डॉक्टरबाईंसमोर बसलो. तरुण, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत.

"वजन कमी झालंय का?"

"हो मॅडम," मी अभिमानानं सांगितलं. "तीन महिन्यांत चौदा किलो." आणि मोबाईल काढून पदकाचा फोटो दाखवला. खरंच दाखवला.

त्यांनी फोटो बघितला, मग एक्स-रे, मग पुन्हा फोटो. "खोकला कधीपासून?"

"दोन महिने," वैशाली म्हणाली. "पण हे दाखवून आले होते. ॲलर्जी म्हणून सांगितलं त्यांना."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. वैशालीला तिथेच कळलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

थुंकीच्या तपासणीनंतर नक्की झालं, फुप्फुसाचा टीबी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पूर्ण बरा होतो हा. पण औषध एक दिवसही चुकवायचं नाही." मग फोटोकडे बोट दाखवून, न हसता, "या पदकात टीबीचा अर्धा वाटा आहे, लक्षात ठेवा."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार मरणाचा आला नाही. लोक म्हणतील, बॉडीबिल्डरला टीबी झाला, हा आला. दुसराही विचार तसलाच, आता हे शरीर परत येईल का? मग वैशालीनं विचारलं, "आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिचं काय?"  रोज जेवताना ओवी माझ्या मांडीवर बसायची.

तिच्या तपासण्यांचे रिपोर्ट यायला चार दिवस लागले. ते चार दिवस कोणाच्याच वाट्याला येऊ नयेत, असं मी म्हणेन. रिपोर्ट चांगला आला. खबरदारी म्हणून तिला काही महिने गोळ्या दिल्या, आणि तिनं त्याची शर्यत करून टाकली. तोंड वाकडं न करता कोण गिळतो? ती रोज जिंकायची.

ऑक्सिजनची टाकी

रक्त थांबेपर्यंत मला ॲडमिट केलं. आठ दिवस. सकाळी सहाला थर्मामीटर, मग गोळ्यांची मूठ, मग चहा. दुपारी राउंड, संध्याकाळी पुन्हा ताप. तोंडावर मास्क. वजन सत्तर.

शेजारच्या बेडवर गोराईचे मायकल अंकल होते. आयुष्यभर होडीवर गेलेला माणूस, टीबीच्या जोडीला दम्यानंही बेजार. मी कोण ते ऐकून त्यांना फार गंमत वाटली. एका सकाळी सिस्टरनं सांगितलं की त्यांच्यासाठी ऑक्सिजनची टाकी कोपऱ्यातून इकडे आणायची आहे, वॉर्डबॉय येतोय. अंकल म्हणाले, "त्याला कशाला बोलवता? आपला पैलवान आहे ना."

मी उठलो. माझ्यातला टेम्पोवाला अजून जागा होता. टाकीला मिठी मारली, गुडघे वाकवले, जोर लावला. टाकी जागची हलली नाही. पुन्हा लावला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच फरशीवर बसलो. याच्या दुप्पट वजनाचे दगड मी छातीवर घेतले होते.

तेवढ्यात आयाबाई आल्या. पन्नाशीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. त्यांनी टाकी जराशी तिरकी केली आणि बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत बेडपर्यंत नेली. एका हातानं. दुसऱ्या हातात केराची सुपली होती.

"उचलायची नसते ओ ती," म्हणाल्या. "फिरवायची."

अंकल हसून हसून खोकले. मला आधी रडू येत होतं, मग मीही हसलो. दहा वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

वैशाली रोज शाळा सुटली की यायची. पहिले तीन दिवस कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी तिनं मला स्टुलावर बसवलं आणि ओल्या टॉवेलनं पाठ पुसायला घेतली. थोड्या वेळानं टॉवेल थांबला आणि तिची बोटं पाठीवरून खाली सरकायला लागली.

"काय करतेस?"

"मोजतेय. आठ झाल्या."

"काय आठ?"

"बरगड्या. न चाचपता दिसतायत." तिचा आवाज फाटला. "मी बाजूला झोपत होते प्रशांत. रोज चादर मी बदलत होते. आणि तू मला सांगितलंस ॲलर्जी."

 माफ कर म्हणालो, ते तिला ऐकूही गेलं नसेल. आम्ही दोघं रडलो. अंकलनी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपल्याचं नाटक केलं, तेही अगदी वाईट केलं.

एकतीस छात्या

घरी आल्यावर सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, ज्यांच्याबरोबर बंद खोलीत तासन् तास असायचात त्या सगळ्यांना कळवा. म्हणजे जिम. मला वाटलं, संपलं. हे लोक मला उंबऱ्यातही उभं करणार नाहीत.

सचिनला फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. 

"सच्या, आहेस का?"

"आहे रे." मग म्हणाला, "मी पाठीवर हात फिरवला होता तुझ्या. उतरलीये म्हणालो मी. आणि वर कट्स झकास म्हणालो. मला कळायला हवं होतं."

"मला स्वतःला कळलं नाही, तुला काय कळणार?"

"तू वेडा आहेस. मी तरी शहाणा असायला हवा होतो."

दुसऱ्या दिवशी तो एकतीस जणांना घेऊन आरोग्य केंद्रावर गेला. एक्स-रे काढणारे काका हैराण. निम्म्यांच्या छात्या प्लेटमध्ये मावेनात. "श्वास भरून धरा" म्हटलं की प्रत्येक जण सवयीनं पोज घ्यायचा. काका ओरडायचे, "अहो, फुप्फुस बघायचंय, पदक नाही द्यायचं." सचिननं मला त्याचा व्हिडिओ पाठवला. तो मी आजही वाईट दिवशी बघतो.

त्यातल्या एकाला टीबी निघाला. अगदी सुरुवातीचा. तोही आता बरा आहे. त्याला टीबी माझ्यामुळेच झाला असं ठाम सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला मात्र ते पटलेलं नाही. त्याला भेटलो की मी अजून आधी नजर खाली घालतो. माझं डाएट महिनाभर करणाऱ्या त्या दोघांपैकीच तो.

नारळ परत आला

सहा महिने गोळ्या. रोज सकाळी उपाशीपोटी. वैशाली समोर उभी राहायची.

"गिळ."

"गिळतो ना, जा तू, तुला उशीर होईल."

"माझ्यासमोर. तुझ्यावर विश्वास नाही."

 मळमळ, सांधेदुखी, चिडचिड, सगळं झालं. तिनं रोज कॅलेंडरवर लाल पेननं बरोबरची खूण केली, वह्या तपासते तशी.

घरात हसू परत आलं ते मी घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, संडासातून. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे मला सांगितलं होतं, पण हॉस्पिटलच्या अंधाऱ्या संडासात ते कधी दिसलं नाही आणि मी विसरलो होतो. मी आतून बोंब मारली, "वैशू, वाट लागली, धाव." ती धावत आली. काय झालंय ते कळल्यावर दाराबाहेर खाली बसून हसली. इतकी हसली की ओवीही न कळून हसायला लागली. मी आत उभा राहून ऐकत होतो. मला फार बरं वाटलं.

आणि आई. डॉक्टरबाईंनी सगळं खा म्हटलं, आणि आईला सहा वर्षांची बंदी उठल्यासारखं झालं. नारळ फोडायच्या आधी तिनं तो मला हातात धरून दाखवला. "मी तेव्हाच सांगितलेलंय. नारळाशिवाय माणूस टिकणा नाय." नारळाच्या वाटणातलं बांगड्याचं कालवण, कुळथाची पिठी, सोलकढी. मी एकही मासा धुतला नाही. बोटं चाटून खाल्लं.

दर महिन्याला आरोग्य केंद्रात वजन व्हायचं. पहिल्या वेळी मी सवयीनं बूट काढले, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या, श्वास सोडला आणि काट्यावर चढलो. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अहो, इथे वाढवायचंय. घाला ते बूट." बहात्तर. मग त्र्याहत्तर. पंच्याहत्तर झालं तेव्हा बाकावर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. स्टेजवरच्या टाळ्या मला माहीत आहेत, पण या टाळ्यांची मी महिनाभर वाट बघायचो.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मी गोळ्या घेऊन ओट्याशी आलो, तर वैशाली नव्हती. शाळेत निघून गेली होती. कॅलेंडरवर त्या दिवसाची लाल खूण आधीच केलेली होती. मी गोळ्या गिळल्या आणि बराच वेळ त्या खुणेकडे बघत उभा राहिलो.

पाठीला दुसरा माणूस लागतो

औषधं संपली, शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरबाईंच्या परवानगीनं हळूहळू व्यायाम सुरू केला. पहिल्या दिवशी नुसता रिकामा रॉड उचलला आणि घरी येऊन दोन तास झोपलो. वर्ष गेलं. या खेपेला खाऊन पिऊन तयारी केली, दर महिन्याला तपासून घेतलं, आणि मागच्या महिन्यात त्याच स्पर्धेत नाव दिलं. काटा म्हणाला, एकोणऐंशी पूर्णांक चार. ऐंशीचा गट, जिथे मी मुळात बसायला हवा होतो.

स्पर्धा शाळेच्या मैदानावर होती आणि रंगवायची खोली म्हणजे चौथीचा वर्ग. फळ्यावर भागाकार, बाकांवर चड्डी घातलेले अर्धे रंगलेले पुरुष. आई पहिल्यांदाच आली होती. पुढच्या रांगेत, मांडीवर डबा घेऊन, नजर आधीपासूनच पायांकडे. ओवी तिला मान वर करायला लावत होती.

मी छाती, हात, पाय रंगवून घेतले आणि सचिनकडे पाठ केली. तो स्पंज घेऊन तसाच उभा. मग दाराकडे वळून म्हणाला, "वहिनी, या आत. या वेळी तुम्ही लावा."

"मला येत नाही ते," वैशाली दारातून म्हणाली.

"येईल. माझे डोळे फक्त कट्स बघतात."

ती आत आली. वर्ग म्हणजे तिचंच राज्य. दोन मिनिटांत तिनं दोघांना बाकावर पाय ठेवले म्हणून उठवलं, मग स्पंज घेतला. रंग गार लागला. "हलू नकोस," म्हणाली. ती खांद्यापासून खाली आली, सावकाश, कुठेही जागा न सोडता. मग स्पंज थांबला आणि तिची बोटं टेकली. एका बाजूनं खाली सरकली. मग दुसऱ्या बाजूनं.

ती काय करतेय ते मला कळलं. मी श्वास धरून उभा राहिलो.

"किती?"

 बोटं परत वर गेली आणि पुन्हा खाली आली. तिला खात्री करून घ्यायची होती.

"एकही सापडत नाही रे," ती म्हणाली, आणि तिनं सगळा तळहात माझ्या ओल्या पाठीवर टेकवला. तसाच ठेवला. बाहेर माझा नंबर पुकारत होते, सचिन घाई करत होता, तरी तिनं हात काढला नाही. मीही हललो नाही.

पाचवा आलो. पाठमोरी पोज घेतली तेव्हा दिव्यांत माझ्या पाठीच्या मधोमध पाच बोटांचा पांढुरका ठसा सगळ्या मैदानाला दिसला. सचिन म्हणतो, तो पंजा नसता तर चौथा नक्की होतास. असेल. पदक आता कपाटात आहे. भिंतीवर तो पाठमोरा फोटो लावलाय, आणि त्याची फ्रेम वैशालीनं स्वतः करून आणली.